फोन घराचा, नोंद पोराची: सांगलीतल्या एका प्रकल्पाची वही

२३ जून २०२५, सोमवार

शाळा सुरू होऊन आठवडा झाला, म्हणून आज मुख्याध्यापकांना गाठलं. मुलांच्या मोबाईल वापराचा आणि मनःस्थितीचा विषय काढताच म्हणाले, "मॅडम, सर्वे कशाला करताय? मीच सांगतो, सगळी बिघडलीत." हे बोलताना डोळे स्वतःच्या फोनवर. परवानगी मात्र दिली. अटी दोन: शाळेचं नाव कुठं यायचं नाही आणि पोरांना फोन शाळेत आणायला लावायचं नाही. दोन्ही आमच्या सोयीच्याच.

नवीन सहकाऱ्यांसाठी थोडक्यात. नववी ते अकरावीची मुलं, एक शाळा सांगली शहरातली, एक तासगावच्या बाजूची. पालक आणि मूल दोघं तयार असतील तिथं अँड्रॉइड फोनमध्ये आमचं ॲप बसवायचं. स्क्रीन कधी उघडली आणि कुठलं ॲप किती वेळ समोर होतं, एवढं ते टिपतं. शिवाय सकाळी आणि संध्याकाळी चार-पाच प्रश्न विचारतं: झोप कशी झाली, आत्ता मन कसं आहे, जवळ कोण आहे. मेसेज, फोटो, कॉल, लोकेशन यांना हात लावत नाही.

नुसत्या प्रश्नावलीवर का भागत नाही, हे निधीच्या अर्जात लिहावं लागलं. माणूस स्वतःच्या वापराचा जो अंदाज सांगतो आणि फोन जे नोंदतो, त्यांचा मेळ बेताचाच बसतो. पॅरी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा सहसंबंध ०.३८ निघाला (पूर्ण मेळ असता तर १). तेव्हा "रोज किती तास?" या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा सगळा डोलारा उभा करण्यात अर्थ नाही.

१ जुलै, मंगळवार

मिरजेला सरांकडे, म्हणजे प्रकल्पातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे. ओपीडी संपेपर्यंत बाकावर, मग कँटीनमध्ये चहावर चर्चा.

मोजायचं काय, हाच मुद्दा. 'इंटरनेटचं व्यसन' असं निदान मानसिक आजारांच्या मोठ्या वर्गीकरणांत नाहीच. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये इंटरनेट गेमिंग डिसऑर्डर आहे, पण 'आणखी अभ्यास हवा' या भागात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये गेमिंग डिसऑर्डर आला, १ जानेवारी २०२२ पासून लागू. त्याची लक्षणं: खेळण्यावरचा ताबा सुटणं, खेळ बाकी सगळ्याच्या वर जाऊन बसणं, नुकसान दिसत असतानाही चालूच राहणं, आणि हे साधारण बारा महिने. सर म्हणाले, "वाच नीट, तास कुठं लिहिलेत? आणि माझ्याकडं येणारा प्रत्येक बाप पहिलं वाक्य तासांचंच बोलतो."

त्यांनीच सांगितलेली गंमत: 'इंटरनेट ॲडिक्शन डिसऑर्डर' हे नाव १९९५ मध्ये इव्हान गोल्डबर्ग या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी चेष्टेत काढलं होतं. डीएसएमच्या भाषेची टर उडवायची म्हणून खोटी लक्षणं लिहिली, तर लोकांनी गंभीरपणे "मला हे आहे" म्हणून कळवायला सुरुवात केली.

किंबर्ली यंग यांची इंटरनेटच्या व्यसनाची १९९८ ची वीस प्रश्नांची चाचणी घ्यायची का, यावर बराच वेळ गेला. ती सगळीकडे वापरली जाते, त्यामुळे तुलना सोपी. दुसरा पर्याय कोरियात किशोरांवर २०१३ मध्ये तयार झालेली स्मार्टफोनची दहा प्रश्नांची छोटी चाचणी. तिच्यात मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ गुणांची रेघ आहे, तिच्या वर गेलं की धोका धरायचा. मनःस्थितीसाठी पीएचक्यू-९ (नैराश्याची प्रश्नावली) आणि जीएडी-७ (काळजीची, चिंतेची). ठरलं असं की आधी दोन्ही चाचण्या पोरांच्या पुढ्यात टाकायच्या आणि ती काय म्हणतात ते ऐकायचं.

८ जुलै, मंगळवार

नैतिकता समिती. दीड तास.

संमतीचा भाग सुरळीत गेला. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती, आणि १२ ते १८ वयाच्या मुलांची स्वतःची लेखी सहमती वेगळी. मूल "नको" म्हणालं तर पालकांच्या सहीला किंमत नाही, हे आम्ही अर्जात ठळक केलं होतं.

घोडं अडलं पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नावर. मरून जावंसं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते का, असा तो प्रश्न. समितीतल्या वकीलबाईंनी विचारलं, "रात्री अकराला एखादीनं त्यावर 'जवळजवळ रोज' दाबलं, तर तुमच्या सर्व्हरपाशी कोण जागं आहे?" ॲपवाल्या मित्राचं म्हणणं होतं की आपोआप इशारा पाठवू. पण इशारा कुणाला? माझ्या फोनला? मी झोपले असेन. वर्गशिक्षकांना? मग गोपनीयतेचं काय?

निर्णय: ही प्रश्नावली ॲपमध्ये नसेल. शाळेत, दिवसा, कागदावर, समुपदेशक खोलीत हजर असताना. घंटा होण्याआधी नवव्या प्रश्नाची उत्तरं बघायची आणि गरज असेल त्या मुलाशी त्याच दिवशी बोलायचं. ॲपमध्ये मदतीचं बटण, ज्यावरून थेट टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला म्हणजे १४४१६ ला किंवा मुलांच्या हेल्पलाइनला म्हणजे १०९८ ला फोन लागतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचाही विषय निघाला. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई; संशोधनाला अटींसह सूट. नियम अजून यायचेत, पण आल्यावर धावाधाव नको म्हणून कायदा आजच लागू आहे असं धरून चालणार आहोत.

१५ जुलै, मंगळवार

शहरातल्या शाळेत दहावीच्या रिकाम्या तासाला गटचर्चा. यंगबाईंच्या चाचणीत एक प्रश्न आहे: दुसरं काम करायच्या आधी तुम्ही कितीदा ईमेल बघता?

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक जण म्हणाला, "मॅडम, ईमेल गेमच्या लॉगिनला लागतो. बघायचा कशाला?" दुसरी म्हणाली, तिच्या ईमेलचा पासवर्ड नेट कॅफेवाल्या दादाकडं आहे, शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यानं भरला होता.

१९९८ ची चाचणी, तेव्हा इंटरनेट म्हणजे टेबलावरचा संगणक. हिच्यावर आता किती भार टाकायचा? कोरियन चाचणी पोरांना पटली, यंगबाईंची तुलनेपुरती ठेवू.

फ्री फायर मॅक्सबद्दल एक गोष्ट समजली जी कुठल्याच चाचणीत नाही. जेवायला हाक आली तरी उठता येत नाही, कारण चार जणांचा स्क्वॉड असतो आणि मध्येच सुटलं की बाकीचे तिघं मरतात. "आई एकदाच वरडती, ही महिनाभर वरडत्यात." ताबा सुटणं म्हणजे काय, हे ठरवताना हे वाक्य लक्षात ठेवायचं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. वर्गात निम्मी हजेरी. नवीन आवृत्ती तपासली, बाकी काही नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

तासगावकडच्या शाळेत पालकसभा. बाप मोजके, आया भरपूर. पहिलाच प्रश्न: "हे ॲप टाकलं की मोबाईल आपोआप बंद पडंल का ओ?" नाही म्हटल्यावर खोलीतला निम्मा उत्साह ओसरला.

दुसरा प्रश्न अवघड होता. मागच्या बाकावरच्या काकू म्हणाल्या, "बंद नगं करू, पर आमचं पोरगं काय बघतंय ते आमाला दाखवशीला का नाही?" मी सांगितलं, दाखवणार नाही. कुठल्याच पालकाला एका मुलाची नोंद मिळणार नाही, शिक्षकांनाही नाही. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आमचा काय फायदा?"

प्रश्न रास्त आहे. खरं तेच सांगितलं: तुमचा लगेच काही फायदा नाही. पोराला नोंद घरी दिसणार हे कळलं, तर ते शेजारच्या फोनवर खेळेल आणि आम्हाला खोटं चित्र मिळेल. काकूंनी मान हलवली आणि अर्ज मागितला. काही जणी उठून गेल्या, त्यांचंही बरोबर आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ॲप बसवायला सुरुवात. वापराच्या नोंदी वाचायची परवानगी साध्या 'अलाऊ'वर मिळत नाही. सेटिंगच्या पोटात जाऊन यूसेज ॲक्सेस हातानं चालू करावा लागतो. त्यात काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागं चालणारं ॲप मारून टाकतात, म्हणून ऑटोस्टार्ट वेगळं. अँड्रॉइड तपशीलवार नोंदी थोडेच दिवस सांभाळतं, त्यामुळे ॲप आठवडाभर मेलं की ते दिवस गेलेच.

एक सेकंड स्पेसवाला भेटला. एकाच फोनमध्ये दुसरा फोन. घरच्यांना दिसतो तो पहिला, अभ्यासाचा. दुसऱ्यातलं आमच्या ॲपला दिसत नाही. त्यानं आपणहून सांगितलं, "मग तिथं पण टाका की." टाकलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

गेल्या आठवड्यात कृष्णेला पाणी. शहरातल्या मुलांच्या नोंदींमध्ये फोनचा वापर एकदम वर गेला आहे. कारण उघड आहे: सगळं घर आयर्विन पुलापाशी किती फूट झालं ते बघत बसलं होतं. सांगलीत २०१९ चा महापूर बघितलेल्या घरात पावसाळ्यात फोन हातात नसणं हाच निष्काळजीपणा. हे दिवस वेगळ्या खुणेनं बाजूला.

ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला, शुक्रवारी राष्ट्रपतींची सही. पोरांनी मला गराडा घातला, "मॅडम, फ्री फायर परत जाणार का?" (२०२२ च्या फेब्रुवारीत मूळ फ्री फायर गेलं तेव्हाची भीती अजून आहे.) बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे, हे ऐकून जिवात जीव आला. एकाचा मात्र चेहरा पडला. त्याच्याशी समुपदेशकांनी बोलावं असं सुचवलं आहे.

परवापासून गणपती. जागरणं होणार, ती मंडळाची. अनंत चतुर्दशीपर्यंतच्या दिवसांनाही खूण.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सहामाही तोंडावर. स्नॅपचॅटवर दोघांनी रोज एकमेकांना स्नॅप पाठवला नाही तर स्ट्रीक तुटते. म्हणून परीक्षेपुरती मुली आपला पासवर्ड धाकट्या बहिणीला देतात आणि ती छताचे फोटो पाठवून स्ट्रीक जिवंत ठेवते. आमच्या नोंदीत हे 'वापर' म्हणून येतं.

सरांकडे मोहित्यांचे वडगावचा विषय निघाला. कडेगाव तालुक्यातलं गाव. ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद होतात, साडेआठला पुन्हा भोंगा. माझ्या मनात होतं की तिथली मुलं तुलनेसाठी घ्यावीत. सर नको म्हणाले. गावात इतके कॅमेरे येऊन गेलेत की मुलांना काय उत्तर द्यायचं ते माहीत आहे, हा त्यांचा मुद्दा. मला दुसरं वाटतं: तिथं फोन फक्त पोराचा नाही, सगळ्या गावाचा बंद होतो. आई मालिका बघतेय आणि पोरानं अभ्यास करायचा, हा नेहमीचा तंटाच उरत नाही. वेगळा अभ्यास म्हणून कधीतरी जायलाच हवं, आमच्या आराखड्यात मात्र ते बसत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आजची नोंद लांब होणार.

तासगावकडच्या नववीतल्या एका मुलाचा आलेख गेला आठवडाभर डोळ्यात खुपत होता. रात्री दीड ते अडीचच्या दरम्यान रोज स्क्रीन उघडते. कधी दोन मिनिटं, कधी वीस. सकाळच्या प्रश्नाला मात्र "झोप चांगली झाली". आमच्या कोष्टकात हा मुलगा 'रात्रीचा जास्त वापर, स्वतः नाकारतो' या रकान्यात जाऊन बसला होता. तिघाही सहकाऱ्यांचं एकमत होतं की पोरगं लपवतंय.

आज मधल्या सुट्टीत त्याला त्याचाच आलेख दाखवला. बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "हे पप्पा हाईत." या आठवड्यात त्यांच्याकडं शेतीपंपाची थ्री फेज लाईट रात्रीची आहे. बाप उठतो, लाईट आली का बघतो, विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये सिमकार्ड आहे त्याला फोन लावतो, मोटर चालू. मग पाणी पडतंय का याची वाट बघत पडल्या पडल्या रील्स. पुढच्या आठवड्यात लाईट दिवसा, तेव्हा बघा म्हणाला, रात्रीच्या रेघा जातील.

"आणि तू फोन कधी घेतोस?"

"पप्पा जेवत्यात तवा. मग मम्मीचा बचत गटाचा ग्रुप. मग परत माजा, दहापर्यंत."

म्हणजे एका फोनवर तीन माणसं आणि आम्ही तो एका पोराच्या नावावर मोजतोय. शहरातल्या अकरावीच्या मुलांकडं बहुतेक स्वतःचे फोन आहेत, इथं तसं नाही. परदेशी अभ्यासांमध्ये फोन म्हणजे एक माणूस हे इतकं गृहीत असतं की ते कुणी लिहीतही नाही. संध्याकाळी सरांना फोन केला. त्यांचं म्हणणं, "आपलं ॲप फोनचं आजारपण मोजतंय. पोराचं कसं मोजायचं ते बघा."

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीच्या सुट्टीत मित्रानं ॲप बदललं. फोन कुणाच्या हातात आहे हे ओळखण्यासाठी समोरचा कॅमेरा वापरू, असं त्यानं सुचवलं होतं. साफ नको म्हटलं. कागदावर कबूल केलेल्या गोष्टींबाहेर एक पाऊल नाही.

आता मुलाला रोज सकाळी कालच्या दिवसाची पट्टी दिसते, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांची. जो खण आपला नाही त्यावर टिचकी मारायची आणि 'दुसऱ्याचा' करायचं. दुसरा कोण, ते विचारत नाही.

पोरं लबाडी करतील ही शंका पहिल्याच दिवशी खरी ठरली. एकानं मध्यरात्रीचं फ्री फायर 'दुसऱ्याचं' केलं. भेटल्यावर विचारलं, "घरात आणखी कोण खेळतं?" हसला आणि म्हणाला, "आजी." ठीक आहे. गेमचे खण खोडले की ॲप आता एकदा परत विचारतं, एवढंच. लबाडी थोडी राहील, पण बापाचं पाणी पोराच्या नावावर जाण्यापेक्षा ते परवडलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अकरावीतल्या मुलींचा गट. एक मुलगी मनात राहिली आहे. कोरियन चाचणीत तिचे गुण रेघेच्या बरेच वर. जीएडीतही काळजी जास्त. आणि स्वतःचा वापर? गटात जवळजवळ सगळ्यांत कमी. पूर्वीच्या कोष्टकात हे 'विसंगत' म्हणून बाजूला पडलं असतं.

पट्टी बघितली तर तिचे सगळे खण रात्री अकरानंतरचे. घरात दोन फोन. एक वडिलांबरोबर कामावर, दुसरा आधी भावाचा क्लास, मग आईचा, मग भावाचा गेम. सगळी झोपल्यावर तिचा नंबर. त्या तासाभरात तिला मैत्रिणींचे दिवसभराचे मेसेज वाचायचे असतात, क्लासच्या ग्रुपवरच्या नोट्स उतरवायच्या असतात आणि जमलं तर रील्स. पांघरुणात, ब्राइटनेस शून्यावर. पाचला उठून पाणी भरायचं.

हिला "फोन कमी वापर" सांगायचं? तासभरच तर वापरते. तिचं नुकसान होतंय ते झोपेचं, आणि फोन तिच्या वाट्याला सगळ्यात शेवटी येतो म्हणून होतंय. गटातल्या आणखी काही मुलींचे खण असेच शेवटाला सरकलेले आहेत. मुलांमध्ये हा आकार फारसा दिसत नाही. एवढ्या छोट्या गटावरून सिद्धांत मांडायचा नाही, पण विश्लेषणात 'फोन हातात आल्याची वेळ' हा रकाना आजपासून.

तिला समुपदेशकांशी जोडून दिलं आहे. तिच्या इच्छेनं, घरी न कळवता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

विदा संरक्षणाचे नियम गेल्या आठवड्यात आले, टप्प्याटप्प्यानं लागू होतील. आपली कागदपत्रं जुळतात. नावं आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी यादी सरांच्या कपाटात कुलपात आहे, ती अभ्यास संपल्यावर जाळायची.

मिरजेत विश्लेषणाची बैठक. मी एकूण तास हा मुख्य घटक ठेवू नये म्हणाले. ऑर्बेन आणि प्रशिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये किशोरांच्या तीन मोठ्या सर्वेक्षणांची विदा तपासली, तेव्हा डिजिटल वापरानं मनःस्वास्थ्यातल्या फरकाचा फार तर ०.४ टक्के भाग उलगडला. संख्याशास्त्रवाले सर म्हणाले, मग आपण काय शोधतोय? माझं उत्तर: एका मुलाची दुसऱ्याशी तुलना सोडा, त्याच मुलाचा आज आणि काल बघा. रात्री फोन उशिरा सुटला की दुसऱ्या दिवशी मन उतरतं, की मन उतरलेलं असतं त्या रात्री फोन सुटत नाही? सकाळ-संध्याकाळचे प्रश्न आपण त्याच्यासाठीच घेतलेत. कागदावरची एकवेळची चाचणी हा क्रम सांगूच शकत नाही.

मानसोपचारवाले सर अजून अर्धेच पटलेत. ओपीडीत येणारी, शाळा सोडून बसलेली, फोन काढून घेतला की घर डोक्यावर घेणारी पोरं त्यांनी बघितली आहेत, आणि ती खरीच आहेत. पण त्यांना घरचे ओढत आणतात; पांघरुणातली मुलगी कुणी ओपीडीत आणत नाही. शेवटी ठरलं की मुख्य घटक दोन: फोन हातातून सुटल्याची वेळ आणि झोपेचे तास. एकूण वापर दुय्यम, तोही 'दुसऱ्याचे' खण वगळून.

दहावीच्या सराव परीक्षा जवळ आल्यात, त्यांना पुढच्या फेरीतून सूट. नववी-अकरावीची दुसरी फेरी डिसेंबरात. त्याआधी महावितरणचं रात्र-दिवसाचं वेळापत्रक तासगावकडच्या गावांपुरतं मिळवून नोंदींना जोडायचं आहे. ते काम माझ्याकडं.